दात कॅलेंडर पाळतात, जबडा पाळत नाही

बारा वर्षांची एक मुलगी आणि बारा वर्षांचाच एक मुलगा. दोघांचे ओपीजी, म्हणजे सगळे दात एका पट्टीत दाखवणारे एक्सरे, शेजारी शेजारी लावले आणि नावं झाकली, तर कुठला कोणाचा हे सांगताना भलेभले अडखळतील. दुधाचा एखादाच दात उरलेला, उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) वर आलेल्या, दुसरी मोठी दाढ हिरडीतून डोकावतेय. मुलीचे दात जरा पुढे असतील, एवढंच. पण उंचीचं पाहिलं तर मुलगी गेल्या वर्षभरात भराभर वाढून आता मंदावायला लागलेली असू शकते, आणि मुलाच्या उंचीने अजून वेगही घेतलेला नसतो. आता दोघांची तक्रार एकच धरा: खालचा जबडा मागे, वरचे दात पुढे. मुलीच्या बाबतीत लगेच हालचाल करायला हवी. मुलाच्या बाबतीत वर्षभर थांबलेलं कदाचित जास्त फायद्याचं.

आईवडील मात्र दोघांचेही एकच विचारतात, "सगळे दात आलेत, आता तारा लावायच्या ना?"

प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. ऑर्थोडोंटिस्टचं, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबडे नीट करणाऱ्या दंतवैद्याचं, कामही दोन प्रकारचं असतं. एक, दात हाडातून सरकवून रांगेत आणणं. हे पंधराव्या वर्षी होतं, तसं पंचेचाळिसाव्या वर्षीही होतं. त्यासाठी दात आलेले असले आणि हिरड्या धड असल्या की पुरे. दुसरं, वाढत्या जबड्याला वळण लावणं. ते वाढ चालू असेपर्यंतच शक्य, आणि वाढीचा वेग चढता असताना सगळ्यात जास्त लाभतं. पहिल्या कामासाठी दातांकडे पाहावं. दुसऱ्यासाठी हाडांकडे.

मग दातांकडे पाहून हाडांचा अंदाज बांधता येईल का? दातांचा एक्सरे तसाही काढलेलाच असतो, त्यातच उत्तर मिळालं तर सोयच झाली. या सोयीच्या मागे संशोधक गेली पन्नास वर्षं आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: दात वय सांगायला चांगले आहेत, आणि नेमक्या त्याच कारणामुळे वाढ कुठवर आली हे सांगायला कच्चे आहेत.

गिरणीतल्या मुलांचे दात

दातांवरून वय ओळखण्याची गोष्ट इंग्लंडातल्या कापडगिरण्यांपाशी सुरू होते. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना गिरणीत कामाला ठेवायला बंदी घातली (रेशमाच्या गिरण्या यातून सुटल्या). पण वय ठरवायचं कसं? तिकडे जन्माची सरकारी नोंदच १८३७ च्या जुलैपासून सुरू झाली. तोवर डॉक्टर मुलाकडे बघून, उंचीचा अंदाज घेऊन दाखला देत. मालकाला मूल मोठं दाखवायचं असे, आणि घरात पैशांची ओढ असलेल्या आईबापांनाही.

त्याच १८३७ साली एडविन सॉन्डर्स नावाच्या तरुण दंतवैद्याने पार्लमेंटपुढे एक पुस्तिका मांडली. हजारावर मुलांचे दात तपासून त्याने दाखवलं, की वय सांगायला उंचीपेक्षा दात कितीतरी भरवशाचे. (हाच सॉन्डर्स पुढे व्हिक्टोरिया राणीचा दंतवैद्य झाला आणि 'सर'ही झाला.)

दात भरवशाचे का ठरले? उपाशी मुलाची उंची खुंटते, दातांचं वेळापत्रक फारसं हलत नाही. २०१३ मध्ये सुदानमधल्या कुपोषित आणि सुदृढ मुलांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही कुपोषणाचा दात तयार होण्याच्या वेळेवर परिणाम आढळला नाही. पहिल्या मोठ्या दाढेचा माथा बाळ जन्माला येण्याच्या सुमारास कठीण व्हायला लागतो, सुळ्याचा त्यानंतर काही महिन्यांत. तिथून मुळाचं टोक मिटेपर्यंत काम बरंचसं आनुवंशिक आराखड्यावर चालतं. बाहेर काय चाललंय याची दखल दात घेतात, पण थोडीच.

हाडांचं तसं नाही. थायरॉइड, वाढीचं संप्रेरक, वयात येताना वाढणारी लैंगिक संप्रेरकं, खाणंपिणं, दीर्घ आजार, सगळ्यांचं हाडं ऐकतात. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते बिघाडात. थायरॉइड कमी असलेल्या मुलाची हाडं वयापेक्षा कित्येक वर्षं मागे पडू शकतात; दातही मागे पडतात, पण बरेच कमी. फार लवकर वयात आलेल्या मुलीची हाडं वयाच्या पुढे पळतात, दात जवळपास जागेवर राहतात. म्हणजे ज्या संप्रेरकांमुळे जबडा त्या दोन-तीन वर्षांत वेग घेतो, त्यांच्याकडे दातांचं फारसं लक्षच नसतं. मग दातांना तो वेग कसा कळणार, आणि ते आपल्याला तरी कसा सांगणार?

दात 'आला' म्हणजे काय

त्याआधी एक अडचण. घरात आपण दात हिरडीबाहेर दिसला की 'आला' म्हणतो. दातांच्या वाढीचं हे माप कमकुवत आहे. दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली, तर खालची पक्की उपदाढ कधी लवकर डोकावते, कधी वर हाड आणि हिरडी जाड होऊन उशिरा येते; त्या वेळी तिचं मूळ किती झालेलं होतं यावर ते ठरतं. आपल्याकडे दुधाच्या किडक्या दाढा घरोघरी, त्यामुळे हा घोळही नित्याचा. वरचा सुळा तर टाळूत आडवा अडकून बसतो. मूळ पूर्ण तयार, दात मात्र तोंडात नाहीच.

म्हणून अभ्यासक दात किती बाहेर आला ते सोडून तो आत किती घडला ते पाहतात. १९७३ मध्ये माँट्रियलच्या डेमिर्जियन यांनी सहकाऱ्यांसह एक पद्धत मांडली, ती अजून सगळीकडे वापरतात. खालच्या जबड्याचे डाव्या बाजूचे सात दात घ्यायचे आणि प्रत्येकाला 'ए' ते 'एच' यांतला एक टप्पा द्यायचा, मग त्यांवरून तक्त्यात वय पाहायचं. 'डी'पर्यंत दाताचा माथा पुरा होतो, पुढचं सगळं मुळाचं काम. गंमत म्हणजे डेमिर्जियन यांच्या सहलेखकांत जेम्स टॅनर होते, ज्यांची हयात मुलांची वाढ आणि हाडांचं वय मोजण्यात गेली. दात आणि हाडं यांची मापं एकाच माणसाच्या टेबलावर होती, तरी त्यांनी ती वेगळी ठेवली.

ओपीजीवर खालच्या सुळ्याकडे जरा निरखून पाहू, कारण वाद बहुतेक त्याच्यावरच आहे. 'एफ' टप्प्यात मुळाची लांबी माथ्याइतकी किंवा जास्त झालेली असते, पण टोक नरसाळ्यासारखं उघडं. 'जी'मध्ये मुळातल्या पोकळीच्या दोन्ही भिंती समांतर खाली उतरतात, टोकाशी थोडी फट राहते. 'एच'मध्ये फट मिटते आणि मुळाभोवतीची बारीक काळी रेघ सगळीकडे सारख्या जाडीची दिसते. 'एफ' आणि 'जी' ओळखणं सोपं. 'जी' आणि 'एच' मात्र एक्सरे जरा हलला, किंवा सुळ्याच्या टोकाशी दुसरी सावली पडली, की हातातून निसटतात.

सुळा 'जी'त असताना वयात येतानाचा वाढीचा झपाटा जवळ आलेला असतो, असं १९८० पासून बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पण त्याच वर्षीच्या दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात गोऱ्या मुलांत हा मेळ जमला आणि काळ्या मुलांत तसा जमला नाही. पुढे २००२ मध्ये थायलंडच्या मुलांत सगळ्यात जवळचं नातं दुसऱ्या उपदाढेशी निघालं, २००४ मध्ये तुर्कस्तानच्या मुलांत दुसऱ्या मोठ्या दाढेशी. एकमत झालं ते फक्त अक्कलदाढ सगळ्यात निरुपयोगी यावर. दर देशात वेगळा दात जिंकत असेल, तर माझ्या मते स्पर्धेतच काहीतरी घोळ आहे.

भारतीय पालकांसाठी आणखी एक मेख. डेमिर्जियन यांची मूळ मुलं फ्रेंच-कॅनेडियन. १९९८ च्या एका अभ्यासात तोच तक्ता दक्षिण भारतीय मुलांना लावल्यावर वय सुमारे तीन वर्षांनी जास्त निघालं. इतर भारतीय अभ्यासांत फरक बराच कमी आहे, पण बहुधा त्याच दिशेचा. २०११ मध्ये भारतीयांसाठी वेगळी सूत्रंही मांडली गेली. रिपोर्टवर 'दातांचं वय १३.६' असं दशांश चिन्हासह छापून आलं, तर त्या दशांशाला फार भाव देऊ नये.

मान आणि मनगट

हाडांची वाढ थेट पाहायच्या दोन जागा आहेत. जुनी जागा मनगट. डाव्या हाताच्या एका एक्सरेत पंचवीस-तीस छोटी हाडं आणि त्यांच्या टोकांच्या वाढीच्या चकत्या दिसतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या मुलांवरून तयार झालेला ग्रॉयलिक आणि पाइल यांचा एक्सरेंचा संग्रह १९५० पासून जगभर वापरात आहे. ऑर्थोडोंटिस्टची नजर त्यात मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर जास्त जाते. तिथली चकती आधी हाडाइतकी रुंद होते, मग तिच्या कडा टोपीसारख्या हाडावर वळतात, मग ती हाडाला जुळते. कडा वळायला लागल्या की उंचीचा सर्वात वेगाचा काळ आसपास आहे असं समजायचं.

क्रिकेटच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी खेळाडूंच्या मनगटाचा एक्सरे काढून टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीने, टीडब्ल्यू-३ ने, हाडांचं वय काढतं. वय चोरणाऱ्यांना पकडायला त्याचा उपयोग होतो हे खरं. पण वर सांगितलेलं लक्षात घेतलं तर त्यातली कोंडीही दिसते. हाडं कॅलेंडर पाळत नाहीत, त्यामुळे लवकर वयात आलेला प्रामाणिक मुलगा कागदावर मोठा ठरू शकतो. दवाखान्यात दातांकडून हाडांचं काम करून घ्यायचा मोह, मैदानावर हाडांकडून दातांचं.

दुसरी जागा मान. तारांच्या उपचाराआधी चेहऱ्याचा बाजूने एक एक्सरे काढतात, त्यात मानेचे वरचे मणके आपसूक येतात. पहिला सोडून दुसरा, तिसरा आणि चौथा पाहायचे. लहान वयात त्यांच्या खालच्या कडा सपाट असतात, आणि तिसरा व चौथा पुढून उतरत्या छपरासारखे. वाढ पुढे सरकते तशी खालची कडा आत वळते: आधी दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, मग चौथ्याची. मणके आधी आडवे आयत होतात, मग चौकोनी, शेवटी उभे आयत. बाचेट्टी, फ्रांकी आणि मॅकनमारा यांनी २००५ मध्ये याचे सहा टप्पे पक्के केले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याची कडा वळलीय, चौथ्याची अजून सपाट आहे, तो तिसरा टप्पा. खालच्या जबड्याच्या सर्वात वेगाच्या वाढीचं वर्ष तिथून सुरू होतं. त्या वर्षात जबड्याची लांबी चार-पाच मिलिमीटर वाढू शकते.

वेगळा एक्सरे लागत नाही, म्हणून ही पद्धत लोकप्रिय झाली. पण तीही अगदी निर्दोष नाही. २००९ मध्ये दहा ऑर्थोडोंटिस्टना तेच तेच मणके दाखवून टप्पा विचारला, तर निम्म्याहून कमी वेळा त्यांचं आपसांत जुळलं. किंचित वळलेली कडा आणि सपाट कडा यांत फरक करताना डोळा फसतो.

दोन्ही वाढतात म्हणून एकमेकांचे होत नाहीत

दातांचे टप्पे आणि हाडांचे टप्पे यांचा संबंध घट्ट आहे, सहसंबंध ०.८, कधी ०.९, असं सांगणारे शोधनिबंध ढिगाने आहेत. आकडे खरे आहेत. पण पहिली ते दहावीच्या सगळ्या मुलांच्या चपलेचा नंबर आणि पाठ असलेले पाढे यांची जोडी लावली, तर तिथेही असाच दणदणीत सहसंबंध निघेल. ज्याची चप्पल मोठी त्याचे पाढे जास्त! दोन्ही गोष्टी वयाबरोबर वाढतात, एवढंच त्यातून कळतं. एकाच इयत्तेतली मुलं घेऊन पाहा, चपलेवरून पाढ्यांचा काही पत्ता लागणार नाही.

ऑर्थोडोंटिस्टसमोर मूल येतं ते असं एकाच इयत्तेतलं. आठ वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलात फरक करायला कोणाला एक्सरे लागत नाही. अडतं ते अकरा ते चौदाच्या दरम्यान, आणि तिथेच दातांचा अंदाज ढेपाळतो. बाचेट्टी-फ्रांकींच्याच गटाने २००८ मध्ये हे तपासलं. तोंडात पुढचे पक्के दात आणि पहिल्या मोठ्या दाढा, बाकी दुधाचे, अशी स्थिती असेल तर मूल अजून झपाट्याच्या अलीकडे आहे असं भरवशाने म्हणता येतं. मात्र दुधाचे शेवटचे दात पडत असताना, किंवा सगळे पक्के दात नुकते आले असताना, झपाटा सुरू आहे की संपला ते दातांवरून सांगता येत नाही. २०१२ च्या सुमारास इटलीतल्या पेरिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी मुळांचे टप्पे घेऊन हेच पाहिलं आणि निष्कर्षही तोच आला: सहसंबंध मोठा, निदानाची ताकद थोडी.

थोडक्यात, दात 'अजून नाही' एवढं नीट सांगतात. 'आता' कधी ते सांगत नाहीत.

मुलगा आणि मुलगी यांच्यात हा गुंता आणखी वाढतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वात वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. अंतर जवळपास दोन वर्षांचं. दातांच्या बाबतीत मुली पुढे असतात त्या काही महिन्यांनी, सुळ्याच्या मुळात फार तर वर्षभराने. ही दोन अंतरं सारखी नसल्याचा परिणाम असा, की हाडांच्या एकाच टप्प्यावरच्या मुलाचे दात मुलीच्या दातांपेक्षा पुढे गेलेले दिसतात. उलट बाजूने: सुळ्याचं मूळ दोघांचंही 'जी'मध्ये असेल, तर मुलीची हाडं बहुधा पुढे आणि मुलाची मागे. सुळ्याचं मूळ मिटलंय, आता जबड्याची वाढ संपत आली, असं म्हणून एखाद्या मुलाचा जबड्याचा उपचार सोडून दिला, तर त्याची चांगली वाढीची वर्षं हकनाक वाया जाऊ शकतात.

मग प्रत्यक्षात काय करायचं

खालचा जबडा मागे असेल तर काढघाल करता येणारी दोन प्लेटांची ट्विन ब्लॉकसारखी उपकरणं देतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये ती तयार केली. मूल खालचा जबडा पुढे ठेवून चावतं, आणि वाढीला ती दिशा मिळते अशी कल्पना. खरं सांगायचं तर त्यातला मोठा वाटा दात कलण्याचा असतो, जबड्याची जास्तीची लांबी थोडी मिळते. पण जी मिळते ती झपाट्याच्या काळात मिळते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना इथल्या आणि ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत एका गटातल्या मुलांना आठ-नऊ वर्षांचे असताना उपकरण दिलं, नंतर किशोरवयात उरलेला उपचार केला, आणि दुसऱ्या गटाला सगळं किशोरवयातच दिलं. शेवटी दोघांचे जबडे सारखेच निघाले. लवकर सुरू करण्याचा एकच ठोस फायदा दिसला, पुढे आलेल्या दातांना पडझडीत इजा कमी झाली. म्हणून पाचवीतल्या मुलाचे दात फारच पुढे असतील आणि पोरगं मैदानावर धडपडणारं असेल, तर लवकर उपचाराचा विचार जरूर करावा. केवळ 'जबडा वाढेल' या आशेने नको.

उलट तक्रार, म्हणजे वरचा जबडा मागे पडलेला. त्यासाठी चेहऱ्यावर लावायचा, वरचा जबडा पुढे ओढणारा फेसमास्क लवकर द्यावा लागतो, दहा वर्षांच्या आत द्यावा असं बहुतेक मानतात. वरचा जबडा अरुंद असेल तर टाळूच्या मधली शिवण जुळण्याआधी तो रुंदावणं सोपं. ही शिवण कोणाची कधी जुळेल याचा तर भरवसा अजिबातच नाही, २०१३ पासून तिचे स्वतःचेच पाच टप्पे वेगळे मोजतात. इथे दातांचा 'अजून नाही' हा निरोप कामाला येतो: दुधाच्या दाढा घट्ट आहेत, मुळं अर्धी आहेत, मग बहुधा वेळ आहे.

दात सरकवण्याची वेळ ठरवताना मात्र सगळा कारभार दातांचाच. उपदाढा आल्या का, दुधाची शेवटची दाढ पडताना मिळणारी दोन-अडीच मिलिमीटरची जागा वाया तर जात नाही ना, गर्दीमुळे क्रमाक्रमाने दात काढायचे तर पहिल्या उपदाढेचं मूळ निम्म्याच्या पुढे गेलंय का. यातलं काहीही मणके पाहून कळत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त साधन घरातच असतं. बऱ्याच शाळांच्या प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाचे रकाने असतात. कोणी ते वाचत नाही. समजा एका मुलीची उंची पाचवीच्या जूनमध्ये १३२ सेंटिमीटर, सहावीच्या जूनमध्ये १३७ आणि सातवीच्या जूनमध्ये १४५ आहे. आधीच्या वर्षी पाच, नंतरच्या वर्षी आठ. झपाटा सुरू झालाय हे त्या दोन वजाबाक्यांत आहे, आणि एक्सरेही लागला नाही. मापं दर तीन-चार महिन्यांनी, एकाच भिंतीशी, अनवाणी घेतली तर आणखी बरं. ओपीजीची फाइल आणता तशी जुनी प्रगतिपुस्तकंही आणा, असं मी पालकांना सुचवेन.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न डॉक्टर विचारतात आणि खोलीत एकदम अवघडलेपण येतं: "पाळी सुरू झाली का?" आई मुलीकडे बघते, वडील मोबाइलकडे. प्रश्न भोचक नाही. उंचीचा सर्वात वेगाचा काळ पाळी सुरू होण्याच्या साधारण वर्षभर आधी येऊन गेलेला असतो. म्हणून 'मोठी झाली की बघू' म्हणत पाळीची वाट पाहिली, तर जबड्याच्या उपचारासाठी उशीर झालेला असतो. उंची वाढतेय, छातीची वाढ सुरू झालीय, पण पाळी अजून नाही, हा काळ जास्त मोलाचा. मुलांत आवाज फुटणं, मिसरूड हे उशिराचे इशारे. मिसरूड नीट दिसायला लागली की झपाटा बहुधा मागे पडलेला असतो.

एक्सरेंची भीती अनेकांना वाटते. एका ओपीजीचं किरणोत्सर्जन निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतं तेवढं असतं, मनगटाच्या एक्सरेचं त्याहून कितीतरी कमी. तरी गरज नसताना काढू नये. बाजूचा एक्सरे काढलेलाच असेल तर आधी त्यातले मणके पाहावेत. उंचीच्या नोंदींशी ते जुळत नसतील, किंवा मूल वयाच्या मानाने फारच लहान वा मोठं दिसत असेल, तरच मनगट. दात एक सांगतात आणि बाकी सगळं दुसरंच सांगतंय, दोन-तीन वर्षांचा फरक पडतोय, असं दिसलं तर मुलांच्या डॉक्टरांना, गरज पडल्यास संप्रेरकांच्या तज्ज्ञांना दाखवावं. थायरॉइडची किंवा लवकर वयात येण्याची पहिली शंका कधीकधी दातांच्या खुर्चीत येते, ती अशी.

शेवटी उरतात खालचा जबडा जास्तच वाढणारी मुलं, विशेषतः मुलगे. बापाचा आणि आजोबांचा जबडा असाच असेल तर आणखी सावध. त्यांना शस्त्रक्रियेची गरज पडली तर ती वाढ थांबल्यावरच करायची, नाहीतर नीट बसवलेला जबडा पुन्हा पुढे येतो. सोळाव्या वर्षी सगळ्या दातांची मुळं मिटलेली असतात, अक्कलदाढ सोडून. आणि अक्कलदाढ काहींना येतच नाही. दातांवरून कळण्यासारखं इथे काहीच उरत नाही. उंची थांबली तरी खालचा जबडा त्यानंतरही थोडा वाढत राहतो, मुलांत वीस वर्षांपर्यंतसुद्धा. म्हणून आज एक बाजूचा एक्सरे, वर्षभराने दुसरा, दोन्ही एकमेकांवर ठेवून हनुवटी सरकली का ते पाहायचं. सरकली असेल तर आणखी एक वर्ष थांबायचं, लग्नाची तारीख ठरलेली असली तरीही.